निरंतराय

चौथ्या दिवशीही महाराज दारावरून पुढे गेले.

त्रिशलाताईंनी हातातले दोन्ही कलश चौरंगावर ठेवले, पदरानं कपाळ पुसलं आणि सगळ्यांत आधी भावजयीकडे पाहिलं. देविकाला या पाहण्याची वीस वर्षांची सवय होती. चेन्नईतल्या तांबरमच्या घरात दूध उतू गेलं, तरी ताई सांगलीत बसून फोनवरून अशाच बघत.

"आज दोन कलश होते," ताई म्हणाल्या. "काल ऊस होता, परवा शहाळं. आता आणखी काय धरायचं हातात?"

"महाराजांचा विधी आहे, ताई. आपल्याला कसा कळणार?"

कळणार नाही, हीच तर त्यातली गोम. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहाराला निघतात, आणि निघण्याआधी मनाशी एक खूण धरतात. जोडपं उभं असेल तर, कुणाच्या हातात अमुक फळ असेल तर, दारी वासरू असेल तर. ती खूण दिसेल तिथे थांबायचं आणि उभ्यानं, हाताच्या ओंजळीत जेवायचं. नाही दिसली तर तसंच मंदिरात परतायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. बरं, ती खूण काय आहे ते कुणाला सांगतील तर शपथ. चार दिवसांत महाराज दोनदा कागदवाल्या शहांकडे थांबले, एकदा गल्लीच्या तोंडाशी, आणि एक दिवस कुठेच नाही. या दारावरून मात्र चारही दिवस नजर न वळवता गेले. उद्या पाचवा दिवस. उद्याचा आहार झाला की ते दक्षिणेकडे, पोन्नूरच्या डोंगराकडे चालू लागणार होते.

आणि हे महाराज म्हणजे आईंचे, देविकाच्या सासूबाईंचे, थोरले चिरंजीव. दीक्षेआधी त्यांचं नाव सिद्धार्थ होतं. बावीस वर्षांत ते नाव घरात कुणी घेतलं नव्हतं. आई 'महाराज' म्हणत, ताई 'महाराजश्री' म्हणत, आणि धाकटा विजयेंद्र, म्हणजे देविकाचा नवरा, नुसतं 'तो' म्हणे.

मुनी जॉर्ज टाउनातल्या जिनमंदिरात उतरले, म्हणून यांनी जवळच्याच गल्लीत नयनारांच्या घराचा तळमजला आठवड्यासाठी मागून घेतला होता. नयनार इथलेच, तमिळ जैन. मराठीचा गंध नाही, पण चौका, म्हणजे मुनींच्या आहाराचा शुद्ध स्वयंपाक, म्हटल्यावर काय काय लागतं ते त्यांना सांगावं लागलं नाही. भाडं विचारलं तर दोन्ही हात जोडून 'वेंडाम, वेंडाम', नको नको, म्हणाले. मुख्य म्हणजे त्यांच्या मागच्या अंगणात विहीर होती. मुनींच्या आहाराला नळाचं पाणी चालत नाही, बोअरचं चालत नाही, आणि चेन्नईत आता जिती विहीर शोधायची म्हणजे देवच आठवायचे.

त्या विहिरीचं पाणी रोज सकाळी विजयेंद्रच काढी. ओलं धोतर नेसून, जाड कापडाच्या दुहेरी गाळण्यातून हंडा भरी. गाळण्यात अडकलेले बारीक जीव धुऊन परत त्याच विहिरीत सोडी, तेही वरून फेकून नाही, बादली थेट पाण्याला टेकवून. आप्पांनी लहानपणी शिकवलं तसं. ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात तो गेली पंधरा वर्षं क्वालिटी बघत होता. त्याची सही झालेल्या गाडीचा नट ढिला निघत नाही, असं तिथे म्हणत. पाणी गाळण्यातही तीच तऱ्हा. पण नऊ वाजले, दारात उभं राहायची वेळ झाली, की हा पॅन्ट चढवून गल्लीच्या कोपऱ्यावर चहाच्या टपरीत जाऊन बसे. चार दिवस हेच चाललं होतं. दारात आई आणि त्रिशलाताई उभ्या राहत. देविका आत चुलीपाशी.

* * *

चौक्यातलं अन्न दुपारी घरच्यांनीच खाल्लं. हातजात्यावर दळलेल्या पिठाच्या पोळ्या, दुधी, मुगाचं वरण, मिठाशिवाय. देविकाची मुलगी सहाना कॉलेजातून आली होती. ती मोबाइल पालथा घालून मुकाट जेवत होती, यावरूनच वातावरण ओळखावं.

"आई, एक बोलू?" त्रिशलाताई म्हणाल्या. "उद्या तू दारात उभी राहू नकोस."

आईंनी घास खाली ठेवला. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं. ते सारखंच येई. डोळ्याच्या कोपऱ्यातली नळी बुजली आहे, बारीक शस्त्रक्रिया करू, असं डॉक्टर दोन महिने सांगत होते, आणि 'महाराज येऊन जाऊ देत' म्हणून आई दोन महिने टाळत होत्या. पदराचं टोक कायम मुठीत.

"हे रडणं नव्हे गं," आई म्हणाल्या.

"मला माहीत आहे. महाराजश्रींना कसं कळणार? आणि कळलं तरी नियम तो नियम. समोरच्याच्या डोळ्यातून टिपूस पडलं की अंतराय. केस निघाला, मुंगी निघाली, कुणी रडलं, की तिथेच ओंजळ सुटते. तुला मी सांगायला पाहिजे का?"

नव्हतंच सांगायला पाहिजे. सहा वर्षांपूर्वी बेळगावकडच्या एका गावात महाराज आईंच्या समोर थांबले होते. भर वैशाख. दीक्षेनंतर पहिल्यांदाच मुलगा एवढ्या जवळ. आईंनी पहिली ओंजळ दुधाची दिली, दुसरी दिली, आणि त्यांना हुंदका फुटला. महाराजांनी हात सोडले, खाली बसले, तोंडही धुतलं नाही आणि निघून गेले. त्या दिवशी संध्याकाळी ते चार कोस चालले, पोटात दोन ओंजळी दूध घेऊन. आई परत आल्यापासून या सहा वर्षांत कुणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. पाठच्या भावाच्या तेराव्याला नाही, स्वतःचा पाय मोडला तेव्हा नाही. देविकाला आधी वाटलं होतं, म्हातारपणानं माणूस कोरडं होतं. मग एकदा न्हाणीघरात आई स्वतःशीच पुटपुटताना ऐकू आलं, 'दे, दुसरी दे, रडू नको, तिसरी दे.' सराव चालला होता.

एवढंच त्यांना हवं होतं. मुलगा परत नको होता, त्यानं आई म्हणायला नको होतं. एकदा त्याला पोटभर जेवू घालायचं, मधे न थांबता. त्याला निरंतराय आहार म्हणतात.

"बरं," आई म्हणाल्या.

ताई वाद घालायच्या तयारीत होत्या, त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"मी आत, दारामागं थांबते. माझ्या जागी देविका उभी राहील."

"देविका?" ताई म्हणाल्या. मग देविकाकडे बघून जरा मवाळपणे म्हणाल्या, "तसं नाही गं. पण महाराजश्रींनी विचारलं, जन्म कुठल्या घरातला, तर?"

"तर तंजावरी देशस्थाच्या, तिरुवल्लिकेणीच्या, असं सांगेन," देविका म्हणाली. तिच्या मराठीला अजून तो तमिळ हेलकावा होता, रागात तर जास्तच. "खोटं कशाला सांगू, ताई?"

"वीस वर्षांत तिनं बटाटा खाल्ला नाही," आई म्हणाल्या. "माहेरी गेली तरी नाही. हिची आई, अंबुजाबाई, मला फोन करून सांगायच्या, पोरगी कांद्याशिवाय सांबार मागते म्हणून. तू सांगलीत काय काय खातेस ते मला माहीत आहे, त्रिशला."

सहानाला हसू फुटलं ते तिनं ताकाच्या वाटीत लपवलं.

"पण दारात जोडपं लागतं," ताई आता विजयेंद्रकडे वळल्या. "चार दिवस दोन बायका उभ्या. विधी मिळणार कसा? तू टपरीवर बसून काय करतोस रे? सख्खा भाऊ दारावरून उपाशी जातो आणि तू चहा पितोस."

"दूध नसलेला पितो," विजयेंद्र म्हणाला.

"विजू."

"आई, मी पाणी काढतो, पीठ दळतो. सांगशील ते करतो. पण दारात उभं राहून 'मनशुद्धी' म्हणायचं असतं. ते मला येत नाही. मन शुद्ध नाही माझं. जे ओके नाही त्यावर मी सही करत नाही."

"दीक्षेची परवानगी मी दिली होती," आई म्हणाल्या. "तुझ्या आप्पांनी दिली, चालत्या हातानं अंगठा उमटवून. राग धरायचा तर माझ्यावर धर की."

"तुझ्यावर धरून बघितला. टिकत नाही," तो म्हणाला, आणि हात धुवायला उठून गेला.

* * *

तीन वाजता तो चपला घालताना दिसला. कुठे निघालात, असं देविकानं विचारलं नाही. नुसतीच मागोमाग निघाली.

गल्लीत पोंगलच्या उसाची चिपाडं अजून पडली होती. लग्नपत्रिकांच्या दुकानांतून छापखान्याच्या शाईचा वास येत होता, आणि हातगाडीवाले कागदाच्या रिमा ओढत 'वळी, वळी' ओरडत वाट मागत होते. मंदिराच्या सभामंडपात पाऊल ठेवलं तशी ती सगळी गडबड मागे राहिली. महाराज एका साध्या लाकडी पाटावर बसले होते. अंगावर काही नाही. शेजारी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढाच संसार. देविकानं जुन्या फोटोत पाहिलेला दाट केसांचा, चष्म्याचा तरुण तिला त्यांच्यात शोधून सापडला नाही. कान मात्र विजयेंद्रसारखेच होते, जरा बाहेर आलेले. तिला उगाच गलबलून आलं. तिनं लांबूनच गुडघे टेकून नमोऽस्तु म्हटलं. विजयेंद्र उभाच राहिला.

"एक विचारायचं आहे."

"विचारा," महाराज म्हणाले.

"मन शुद्ध नसताना माणसानं दारात मनशुद्धी म्हटलं, तर तो आहार चालतो?"

"नाही चालत. खोटं बोलून दिलेला घास मला नको. देणाऱ्यालाही तो बरा नाही."

इतकं सरळ उत्तर येईल असं विजयेंद्रला वाटलं नसावं. मग तो जे बोलला ते देविकानं वीस वर्षांत तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. एकसलग आजच ऐकलं.

"आप्पांचं अर्धं अंग गेलेलं होतं. माझं जर्मनीचं तिकीट काढलेलं होतं. त्याच महिन्यात घर सोडलं गेलं. अपरिग्रह म्हणतात ना? सगळं टाकायचं आणि हलकं व्हायचं. मग टाकलेलं पडतं कुठे? ते माझ्या डोक्यावर पडलं. आठ वर्षं आप्पांची कूस मी बदलली. पाठीला जखमा झाल्या त्या हिनं धुतल्या. आणि लोक रांग लावून पाया कुणाच्या पडतात? मला पाया पडून घ्यायचे नाहीत. पण कुणी तरी म्हणावं की हे झालं. एवढंच."

पिंछीनं पाटाच्या कडेची एक मुंगी महाराजांनी हलकेच बाजूला केली.

"झालं," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता तसंच झालं."

विजयेंद्र त्यांच्याकडे बघत राहिला.

"आपल्याकडे पाप माफ करणारा कुणी वर बसलेला नाही. चोवीस तीर्थंकर झाले. ते वाट चालून गेले आणि वाट दाखवून गेले, पण दुसऱ्याचं कर्म त्यांनी कुणाचंच उचललं नाही. माझंही उचलणार नाहीत. घर सोडताना तुम्हाला दुखवलं ती हिंसाच होती. पिंछी हातात घेतली म्हणून ती पुसली गेली, असं मी कधी धरलं नाही. रोज दोन वेळा सगळ्या जीवांची क्षमा मागतो. पाण्यातल्या जीवांची मागतो, पायाखाली आलेल्या गवताची मागतो, तिथे अडत नाही. एका ठिकाणी येऊन अडतो. बावीस वर्षं तिथेच अडतो आहे. तेवढा मोह अजून उरला."

"मग आज मागा," विजयेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "मी समोर आहे."

महाराजांनी पिंछी दोन्ही हातांत धरून छातीशी नेली. "क्षमा असावी," ते म्हणाले. नेहमीच्या आवाजात म्हणाले, कुणाला रस्ता विचारावा तसं.

विजयेंद्र वळला आणि चालू लागला. देविका धावतच त्याच्या मागे गेली. टपरीपाशी तो थांबला, चहा मागितला, आणि आलेला चहा तसाच ठेवून पैसे देऊन निघाला. तिला आप्पांची आठवण झाली. वाकड्या झालेल्या ओठांनी ते तिला नव्या सुनेला शिकवावं तसं शिकवत: प्रत्येक गोष्टीला अनेक बाजू असतात, पोरी, आपल्याला दिसते ती खरी असते, पण ती सगळी नसते, याला आपण अनेकांत म्हणतो. तेव्हा तिला ते पोथीतलं वाटलं होतं. आज दोन सख्खे भाऊ समोरासमोर पाहिले आणि दोघंही खरं बोलत होते. मग उभं कुणाच्या बाजूनं राहायचं, ते काही आप्पांनी सांगितलं नव्हतं.

"उद्या उभे राहाल?" तिनं घराच्या पायरीशी विचारलं.

"पाणी काढीन," तो म्हणाला.

* * *

पाचव्या दिवशी सकाळी आईंनी स्वतःच्या हातानं देविकाला धुतलेलं नवं लुगडं दिलं आणि आपण सोप्याच्या दारामागे, भिंतीला टेकून, पाटावर बसल्या. तिथून त्यांना मुलगा दिसणार नव्हता. ऐकू सगळं आलं असतं.

"वाटी रिकामी झाली की मागं हात कर," त्या देविकाला म्हणाल्या. "मी भरून देईन. आधी दूध, मग पोळीचा कुस्करा, मधे मधे पाणी. घाई करू नको. ओंजळ हलली की थांबायचं."

"सरी, आई," देविका तमिळ वळणानं 'बरं' म्हणाली.

"आणि तू रडू नकोस. तू हळवी आहेस, मला ठाऊक आहे."

साडेनऊला गल्लीत गलका कमी झाला. हातगाड्या कडेला लागल्या. पत्रिकांच्या दुकानातली कामगार पोरं दारात येऊन हात जोडून उभी राहिली. त्यांतलं जैन एकही नसेल. महाराज आले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकवलेली, नजर चार हात पुढच्या जमिनीवर. शहांच्या दारातून पुकार झाली, ते पुढे निघाले. देविका आणि त्रिशलाताई कलश धरून एका सुरात म्हणाल्या, "हे स्वामी, नमोऽस्तु, नमोऽस्तु, नमोऽस्तु. अत्र, अत्र. तिष्ठ, तिष्ठ."

महाराजांनी नजर उचलली. एकेकीच्या हाताकडे पाहिलं आणि ते चालत राहिले. दार गेलं. पायरी गेली. ताईंनी कलश आणखी वर धरला. दारामागून काही आवाज आला नाही, आणि तेच देविकाला सहन होईना.

मागच्या अंगणातून ओल्या पावलांचा आवाज आला. विजयेंद्र घरातून सरळ बाहेर आला. विहिरीवर होता तसाच, ओलं धोतर, उघडं अंग, खांद्यावर पाणी ठिबकणारं गाळणं. हातात ना कलश, ना नारळ, ना फळ. ताईंनी डोळे मिटून घेतले. तो पायरीवर उभा राहिला आणि पाठमोऱ्या महाराजांना म्हणाला,

"नमोऽस्तु. अत्र, तिष्ठ."

तीनदा म्हणायचं तो एकदाच म्हणाला. महाराज थांबले. वळून त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्या गाळण्याकडे. खांद्यावरची बोटं खाली आली आणि ते माघारी फिरले.

खूण काय होती, देव जाणे. जोडपं म्हणावं तर देविकाशेजारी तो नंतर येऊन उभा राहिला. पुढे सहानानं हजारदा विचारलं आणि प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

तिघांनी महाराजांभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या. आता शुद्धी सांगायची. ताईंनी घाईनं सांगून टाकलं. देविकानं सांगितलं. विजयेंद्रचं राहिलं. महाराज उंबऱ्याशी उभे. गल्लीत एक स्कूटर थांबली होती, तिचं इंजिन कुणी तरी बंद केलं.

"कायशुद्धी," तो म्हणाला. मग म्हणाला, "वचनशुद्धी." उलट्या क्रमानं. "मनशुद्धी," तो म्हणाला, आणि देविकाला कळलं की हा माणूस आत्ता खोटं बोललेला नाही. "आहार-जल शुद्ध आहे. प्रवेश करावा."

पाय धुतले, पूजा झाली. महाराज पाटावर उभे राहिले आणि दोन्ही हातांची ओंजळ छातीसमोर धरली. पहिली ओंजळ दुधाची, विजयेंद्रनं दिली. दुसरीही त्यानंच दिली. तिसरी आली तेव्हा देविकानं मागे हात केला, आणि आईंच्या सुरकुतलेल्या हातानं भरलेली वाटी तिच्या हातात दिली. त्या बोटांना कंप नव्हता. पाचवी, सहावी, दहावी. ताई ओंजळीतल्या घासावर डोळे लावून, केस नाही ना, कीटक नाही ना, बघत होत्या. या कामात ताईंच्या नजरेचा हात धरणारं कुणी नाही, हे देविकानं आज मनापासून कबूल केलं.

पंधराव्या ओंजळीला महाराज पाणी पीत होते. लोटी विजयेंद्रच्या हातात. ओंजळीवर वाकलेलं ते डोकं, हातानं केस उपटून ओरबाडलेलं, उन्हानं रापलेलं, त्याच्या अगदी जवळ आलं होतं. देविकानं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. आप्पा गेले तेव्हा न भरलेले, आजवर कधी न भरलेले, काठोकाठ भरले होते. पापणी लवली असती की संपलं.

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि लोटी आपल्याकडे घेतली, धार न तोडता. त्याला काही समजेना. तेवढ्यात दारामागून एक हात आला, त्यानं ओल्या धोतराचा काठ पकडला आणि ओढला. विजयेंद्र एक पाऊल मागे गेला, दुसरं गेलं, आणि भिंतीआड झाला.

देविका धार देत राहिली. वाटी मागायला तिनं मान जराशी वळवली तेव्हा तिला दिसलं. शेचाळीस वर्षांचा तिचा नवरा आईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसला होता, आणि आईंनी त्याचं तोंड आपल्या खांद्यात घट्ट दाबून धरलं होतं, आवाज फुटू नये म्हणून. त्याची पाठ गदगदत होती. आईंचा उजवा डोळा वाहत होता, नेहमीसारखा. डावा कोरडा होता. एका हातानं त्यांनी धाकट्याला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं थोरल्यासाठी भरलेली वाटी पुढे केली होती.

तिसाव्या ओंजळीच्या पुढे कुठे तरी महाराजांनी मान हलवली. पुरे. हात-तोंड धुतलं गेलं, आणि ते पाटावर बसले. आता अश्रू चालत होते, पण कुणाला आठवलं नाही.

आई भिंत धरून बाहेर आल्या. चार हातांवर थांबून त्या वाकल्या. विचारायचं होतं ते बहुधा दुसरंच असावं. ओठ तसे हललेही होते. पण त्या रीतीचंच बोलल्या.

"आहार निरंतराय झाला, महाराज?"

"निरंतराय झाला, माताजी," महाराज म्हणाले.

माताजी. शहांच्या म्हातारीलाही ते हेच म्हणत. आईंनी मान डोलावली, दोनदा, तीनदा, आणि मग त्यांचा डावा डोळा वाहू लागला. ताईंनी पुढे होऊन त्यांना धरलं.

आहार देणाऱ्यानं मुनींसमोर एखादा छोटा नियम घ्यायचा असतो. देविकानं वर्षभर रात्री न जेवण्याचा घेतला. महाराजांनी दारामागून आलेल्या विजयेंद्रकडे पाहिलं. तोंड धुऊन आला होता, पण डोळे लाल होते.

"मी मनात धरला आहे," विजयेंद्र म्हणाला. "सांगणार नाही."

महाराज हसले. देविकानं त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. मग पिंछी उचलून ते उठले आणि निघाले.

गल्लीतली माणसं त्यांच्यामागे चालू लागली. सहाना कॉलेजची बॅग घेऊन त्यांच्यात मिसळली. त्रिशलाताई आत भांडी गोळा करू लागल्या. आई पायरीवर उभ्या होत्या, दोन्ही डोळे पुसत, पुन्हा पुसत, आणि तरी त्यांना काही दिसत नव्हतं.

"विजू, गाळण्यातले जीव विहिरीत सोडलेस का रे?"

"सोडतो, आई. आधी तेच करतो."

पण तो तिथेच उभा राहिला, टाचा उंचावून, गल्लीच्या टोकाकडे बघत. गाळणं अजून त्याच्या खांद्यावर ठिबकत होतं.

"कुठवर गेले?" आईंनी विचारलं. "मला दिसत नाहीत."

"टपरीपुढे गेले," तो म्हणाला. "आता कोपऱ्यावरून वळतायत, आई. महाराज वळतायत."